ग्रोसरीवरचा एक टक्का: व्हिलेज बोर्डासमोर जाण्याआधी

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने किराण्यावरचा एक टक्का कर 1 जानेवारी 2026 पासून काढून टाकला, ही बातमी सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. त्याच कायद्याचा दुसरा भाग मात्र फारसा कुणी पुढे पाठवला नाही. राज्याने स्वतःचा कर काढला आणि तोच एक टक्का लावायचा अधिकार गावोगावच्या पालिकांना देऊन टाकला. त्यासाठी सार्वमत लागत नाही की मतदारांना विचारावं लागत नाही. पालिकेच्या निवडून आलेल्या बोर्डाने एका संध्याकाळी ऑर्डिनन्स (स्थानिक कायदा) मंजूर केला की कर लागू. ऑक्टोबर 2025च्या मुदतीपर्यंत राज्यातल्या सुमारे 1300 पालिकांपैकी 600 हून अधिक पालिकांनी तो केलाही. शिकागो शहराने त्या मुदतीत केला नाही. त्यामुळे आज एका सबर्बमध्ये तूरडाळीवर हा एक टक्का आहे आणि शेजारच्या सबर्बमध्ये नाही, अशी स्थिती आहे.

ज्यांच्या गावात हा कर अजून आलेला नाही आणि ज्यांच्या गावात आला आहे, अशा दोघांसाठी हे लिहिलं आहे. जो कर बोर्ड एका ठरावाने लावतं, तो बोर्डाला एका ठरावाने काढताही येतो.

आधी समोरच्याची बाजू नीट समजून घ्या

गव्हर्नर प्रित्झकर यांनी या कायद्यावर 5 ऑगस्ट 2024 रोजी सही केली. त्याआधीही राज्य हा एक टक्का गोळा करायचं, पण स्वतःकडे ठेवत नव्हतं. सगळी रक्कम ज्या गावात विक्री झाली त्या गावाला जायची. जुलै 2022 ते जून 2023 या वर्षभरात राज्याने हा दर शून्यावर आणला होता, तेव्हा पालिकांचं बुडालेलं उत्पन्न राज्याने आपल्या तिजोरीतून भरून दिलं. या वेळी तशी भरपाई नाही. पालिकेच्या मॅनेजरच्या दृष्टीने वर्षानुवर्षं येणारं उत्पन्न अचानक थांबतं आहे आणि बजेटला भोक पडतं आहे.

म्हणून बोर्डासमोर ‘नवा कर लावू नका’ या वाक्याने सुरुवात केली की हरायची सुरुवात झालीच. लगेच उत्तर येतं: ‘नवा कुठे, होता तोच चालू ठेवतो आहोत.’ कायद्याच्या भाषेत कर नवा आहे आणि खिशाच्या भाषेत जुना, दोन्ही खरं आहे. या वादात न शिरता म्हणायचं ते असं: राज्याने सवलत दिली आहे, ती आमच्या पावतीपर्यंत पोहोचू द्या, आणि पालिकेला जे कमी पडेल ते कुठून येईल याचा प्रस्ताव आम्ही आणला आहे. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येतोच.

एक गोष्ट पक्की ठेवा. पालिकेला हा दर अर्धा किंवा पाऊण टक्का करता येत नाही. लावला तर एक टक्का, नाहीतर काहीच नाही. ‘निदान अर्धा तरी करा’ अशी तडजोड मागणाऱ्याने कायदा वाचलेला नाही हे लगेच उघडं पडतं आणि त्याच्या पुढच्या बोलण्याचं वजन जातं. पालिकांच्या हद्दीबाहेरच्या भागासाठी हाच अधिकार काउंटीला आहे, तेव्हा तुमचं दुकान नेमकं कुणाच्या हद्दीत येतं हेही आधी पाहा.

पावती घेऊन बसा

सभेत बोलायच्या आधी इंडियन स्टोअरची एक लांबलचक पावती टेबलावर पसरा आणि ओळ न् ओळ वाचा. सगळ्या वस्तू किराणा धरल्या जात नाहीत. दारू, गोड शीतपेयं, कँडी, गांजा मिसळलेले पदार्थ आणि लगेच खाण्यासाठी तयार केलेलं अन्न यांना कमी दर लागत नाही, त्यांवर सर्वसाधारण दर लागतो. तो राज्याचाच 6.25 टक्के आहे आणि स्थानिक कर त्यावर वेगळे.

तांदळाचं 20 पाउंडाचं पोतं, डाळ, कणीक, तेल, मसाले, भाजी, दूध, दही, गोठवलेले पराठे हा सरळ किराणा. काउंटरवरचे गरम सामोसे त्यात येत नाहीत. उदबत्ती, कापूर, वाती हे तर खाद्यपदार्थच नाहीत. खरी गंमत गोड पदार्थांत आहे. इलिनॉयच्या व्याख्येप्रमाणे साखर, गूळ किंवा मध यांत दाणे, फळं, चॉकलेट घालून केलेल्या वड्या आणि गोळ्या म्हणजे कँडी. मात्र त्यात पीठ असेल किंवा तो पदार्थ फ्रिजमध्ये ठेवावा लागत असेल तर ती कँडी नाही. म्हणून शेंगदाण्याची चिक्की कँडी ठरते आणि लेबलवर मैदा लिहिलेली सोनपापडी किराणा ठरते. पेयांचंही तसंच. साखर घातलेलं आंब्याचं पेय, ज्यात फळाचा रस निम्म्याहून जास्त नाही, ते शीतपेय. आंब्याची लस्सी दुधाची, म्हणून ती किराणा.

हे इतक्या बारकाईने सांगायचं कारण असं की सभेत कुणीतरी एक पावती वर धरून ‘बघा, दहा टक्के कर लावलाय’ म्हणतं, आणि ती ओळ निघते चिक्कीची किंवा सोड्याची. फायनान्स डायरेक्टर शांतपणे ते दाखवून देतो आणि तुमच्या बाजूच्या वीस माणसांचं बोलणं एका चिक्कीपायी वाया जातं. पावतीवर प्रत्येक वस्तूपुढे एखादं अक्षर छापलेलं असतं, ते कोणत्या दराचं आहे हे पावतीच्या तळाशी दिसतं. तेवढं जुळवून मगच पावती हातात धरा.

शिकागो परिसरात आणखी एक कर या पावतीवर असतो, तो सार्वजनिक वाहतुकीचा. 2025 मध्ये कुक काउंटीत किराण्यावर त्याचा दर 1.25 टक्के होता, तर ड्यूपेज, केन, लेक, मॅकहेन्री आणि विल या काउंट्यांत 0.75 टक्के. म्हणजे कुकमध्ये किराण्यावर एकूण 2.25 टक्के आणि बाकीच्या पाच काउंट्यांत 1.75 टक्के लागत होते. पालिकेचा एक टक्का गेला तरी वाहतुकीचा वाटा राहतोच. लोकांना ‘किराणा करमुक्त होणार’ असं सांगून ठेवलं आणि नंतर पावतीवर कर दिसला, तर तुमच्यावरचा विश्वास उडतो. पहिल्या पत्रकातच ‘एक टक्का कमी’ असं लिहा, ‘करमुक्त’ हा शब्द वापरू नका.

किती पैशांचा प्रश्न आहे

आठवड्याला 150 डॉलरचा किराणा घेणाऱ्या घराला वर्षाला 7800 डॉलरवर 78 डॉलर कर पडतो. रक्कम मोठी नाही, आणि ती मोठी असल्याचा आव आणू नये. मुद्दा प्रमाणाचा आहे. वर्षाला 40,000 डॉलर कमावणाऱ्या घराचे त्यात उत्पन्नाचे 0.195 टक्के जातात. 2,00,000 कमावणाऱ्याने दुप्पट किराणा भरला तरी त्याचे जातात 0.078 टक्के. खाण्यावरचा कोणताही कर असाच वागतो, कारण पोट उत्पन्नाच्या प्रमाणात मोठं होत नाही.

इथे एक चूक हमखास होते. ‘सगळ्यात गरिबांना फटका बसतो’ असं म्हटलं जातं, आणि बोर्डाकडून उत्तर येतं की सरकारी अन्नसाहाय्याच्या स्नॅप कार्डावरच्या खरेदीला विक्रीकर लागतच नाही. ते उत्तर बरोबर आहे, संघीय कायदाच तसा आहे. फटका बसतो तो त्या कार्डासाठी थोडक्यात अपात्र ठरलेल्यांना: पेन्शनीवर जगणारे म्हातारे, दोन ठिकाणी काम करणारी जोडपी, कार्डाची रक्कम महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात संपल्यावर रोखीने घेणारी माणसं. इलिनॉयमध्ये पुष्कळ फूड पँट्री (गरजूंना फुकट अन्न देणारी केंद्रं) टाउनशिप ही स्थानिक संस्था चालवते. तिथल्या माणसाला सभेत येऊन दोन मिनिटं बोलायला सांगा. त्याला महिन्याचं चित्र पाठ असतं.

आकडे कुठून आणायचे

तीन कागद लागतात. पहिला पालिकेचा वार्षिक आर्थिक अहवाल. त्यात जनरल फंडातली (रोजच्या कारभाराच्या मुख्य निधीतली) बिनराखीव शिल्लक, म्हणजे गंगाजळी, किती, ते पाहा. दुसरा चालू बजेट आणि तिसरा या करावरचा स्टाफ मेमो. पहिले दोन बहुतेक पालिकांच्या संकेतस्थळावर असतात. तिसरा अजेंड्याच्या पॅकेटमध्ये येतो, पण तो आधी हवा असेल तर माहितीच्या कायद्याखाली मागावा. अर्ज साध्या ईमेलने चालतो. पालिकेला कामाच्या 5 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, फार तर आणखी 5 दिवसांची मुदतवाढ घेता येते. साध्या काळ्या-पांढऱ्या प्रतींची पहिली 50 पानं फुकट.

अर्जात ‘किराणा कराबद्दलची सगळी माहिती’ असं लिहू नका. तसं लिहिलं की ‘मागणी फार व्यापक आहे, कमी करा’ असं पत्र येतं आणि आठवडा जातो. नेमकं मागा: गेल्या 36 महिन्यांत राज्याकडून किराण्यावरच्या एक टक्क्यापोटी महिन्याला किती रक्कम आली, 2026 साठीचा अंदाज कोणत्या आकड्यांवर बांधला, आणि या कराऐवजी कोणते पर्याय तपासले त्याची टिपणं.

राज्याचा महसूल विभाग गावनिहाय विक्रीकराचे आकडे दुकानाच्या प्रकाराप्रमाणे प्रसिद्ध करतो. त्यात ‘फूड’ हा वर्ग पाहून पुष्कळजण तेच किराण्याचं उत्पन्न धरतात. ते चुकतं. ती वर्गवारी वस्तूंची नाही, दुकानांची आहे. फूड वर्गातल्या दुकानात साबण आणि दारूही विकली जाते, आणि प्रचंड मोठ्या जनरल स्टोअरमध्ये विकलेलं दूध त्या वर्गात येतच नाही. शिवाय एखाद्या वर्गात चारपेक्षा कमी दुकानं असली तर आकडा झाकलेला असतो. दिशा कळायला हा तक्ता बरा, पण सभेत आकडा मांडायचा तो पालिकेनेच दिलेला.

भोक कशाने बुजवायचं

हा भाग टाळून केलेला विरोध फार क्वचित जिंकतो. महाराष्ट्रातल्या वाचकांना एलबीटी (स्थानिक संस्था कर) आठवत असेल. 2013 मध्ये व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, दुकानं बंद राहिली, पण तो कर 50 कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांसाठी गेला 1 ऑगस्ट 2015 रोजी, आणि तेव्हा महापालिकांना भरपाईचं अनुदान राज्य देईल हे ठरलेलं होतं. पर्यायी पैसा ठरेपर्यंत कुठलीही पालिका हातातला कर सोडत नाही, मग ती सांगलीची असो की शिकागोच्या सबर्बची.

समजा तुमच्या गावाला या एक टक्क्यातून वर्षाला 12 लाख डॉलर मिळतात आणि जनरल फंड 6 कोटींचा आहे. म्हणजे प्रश्न बजेटच्या 2 टक्क्यांचा आहे. आता गंगाजळी पाहा. सरकारी वित्त अधिकाऱ्यांची अमेरिकेतली संघटना निदान दोन महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक ठेवायला सांगते. तुमच्या गावाकडे पाच-सहा महिन्यांची असेल, तर तो मुद्दा जोरात मांडा. पण गंगाजळी एकदाच वापरता येते आणि भोक दरवर्षी पडतं, हे मॅनेजर सांगणारच. म्हणून गंगाजळी फक्त पहिल्या वर्षाच्या पुलासाठी मागा, आणि पुढच्या वर्षांसाठी एखादा भांडवली प्रकल्प पुढे ढकलणं, रिकाम्या पदांची भरती थांबवणं, एखाद्या कंत्राटाची फेरनिविदा असे दोन-तीन ठोस आकडे द्या.

पालिका होम रूल, म्हणजे स्वतःचे कर ठरवायचा व्यापक अधिकार असलेली, आहे का, हे इथे महत्त्वाचं. 1970च्या राज्यघटनेप्रमाणे 25,000 पेक्षा जास्त लोकसंख्येची पालिका आपोआप होम रूल होते. लहान गावं सार्वमताने होऊ शकतात. होम रूल पालिकेला रेस्टॉरंटच्या बिलावर वेगळा कर लावता येतो, म्हणून ‘घरच्या ताटावर नको, बाहेरच्या जेवणावर लावा’ हा प्रस्ताव तिथे चालतो. मात्र तो मांडलात की गावातले रेस्टॉरंटवाले पुढच्या सभेला तुमच्या विरोधात येऊन बसतील, याची तयारी ठेवा. होम रूल नसलेल्या पालिकांना याच 2024च्या कायद्याने सार्वमताशिवाय एक टक्क्यापर्यंत विक्रीकर लावायची मुभा दिली आहे, आणि तो किराण्याला लागत नाही. हा पर्याय सुचवावा का? आमचं मत, अगदी नाइलाज झाला तरच. एका हाताने डाळीवरून काढून दुसऱ्या हाताने मुलांच्या बुटांवर लावल्यासारखं होतं.

‘त्यापेक्षा प्रॉपर्टी टॅक्स वाढवा’ हे वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. सभागृहातली निम्मी माणसं घरमालक असतात. पालिकेकडे तो रस्ता आहेच. मालमत्ता कराची एकूण मागणी आदल्या वर्षाच्या 105 टक्क्यांवर जात असेल तर वेगळी जाहीर सुनावणी घ्यावी लागते, आणि डिसेंबरच्या शेवटच्या मंगळवारपर्यंत ही मागणी (लेव्ही) काउंटी क्लार्ककडे दाखल करावी लागते. तुम्ही फक्त लक्ष ठेवायचं.

बोर्डाचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा असतो की आपल्या दुकानांत बाहेरगावचे लोक येतात, कर तेही भरतात, आणि मालमत्ता कर मात्र आपणच भरतो. हायवेजवळ मोठी दुकानं असलेल्या गावात हे खरंच आहे. तिथे प्रमाण विचारा: किती टक्के विक्री बाहेरच्यांना होते, आणि तो आकडा कुठून आला? बहुतेक वेळा तो मोजलेला नसतो.

तारखा

करावरचा ऑर्डिनन्स, लावायचा असो वा काढायचा, 1 ऑक्टोबरपर्यंत महसूल विभागाकडे दाखल झाला तर पुढच्या 1 जानेवारीपासून अंमल. 1 एप्रिलपर्यंत झाला तर 1 जुलैपासून. वर्षात दोनच दरवाजे आहेत. लक्षात घ्या, त्या दिवशी पालिकेच्या क्लार्कने प्रमाणित केलेली प्रत विभागाकडे पोहोचलेली हवी. म्हणजे मतदान सप्टेंबरमध्ये किंवा मार्चमध्ये, आणि खरी चर्चा त्याआधीच्या महिन्या-दोन महिन्यांत कमिटी ऑफ द होलमध्ये, म्हणजे सगळ्या बोर्डाच्या चर्चा-बैठकीत. मतदानाच्या रात्री लोक गर्दी करतात तेव्हा मोजणी आधीच झालेली असते. जुलैच्या एखाद्या कमिटी बैठकीला आलेली आठ माणसं सप्टेंबरच्या ऐंशी माणसांपेक्षा जास्त काम करतात. दुसरा दरवाजा जानेवारी-फेब्रुवारीतला, बर्फाचा. तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात आणि ठराव सहज सरकतात.

अजेंडा सभेच्या निदान 48 तास आधी लावावा लागतो. एका माणसाने दर शुक्रवारी संध्याकाळी तो उघडून पाहायची जबाबदारी घ्या. त्यात ‘ग्रोसरी टॅक्स’ हा शब्दच नसेल, असंही होतं. ‘म्युनिसिपल कोडच्या अमुक प्रकरणात दुरुस्ती’ इतकंच लिहिलेलं असतं आणि ते कन्सेंट अजेंड्यात, म्हणजे बिलं मंजूर करायच्या ठरावांच्या गठ्ठ्यात असतं. तो गठ्ठा एका मताने चर्चेविना पास होतो. ट्रस्टींपैकी (बोर्डाच्या सदस्यांपैकी) कुणीही एकाने विनंती केली की तो विषय सहसा गठ्ठ्यातून बाहेर काढला जातो. सोमवारी सकाळी एखाद्या ट्रस्टीला फोन करायचा तो याचसाठी. तसंच ‘पहिलं वाचन माफ’ असे शब्द दिसले तर समजा की दोन सभांचं काम एकाच रात्री उरकायचं ठरलं आहे.

कोण काय करू शकतं

आपल्या लोकांसाठी हा भाग नीट वाचण्यासारखा आहे, कारण मराठी घरांमध्ये एकाच जेवणाच्या टेबलावर नागरिक, ग्रीन कार्डवाले, एच-वन आणि एच-फोर व्हिसावरचे असे सगळे बसलेले असतात.

सभेत बोलायला नागरिक असावं लागत नाही. राज्याचा ओपन मीटिंग्ज ॲक्ट ‘कोणत्याही व्यक्तीला’ बोलायची संधी देतो. व्हिसावरचा माणूस बोलू शकतो, भारतातून आलेली आजीही बोलू शकते. घरचा पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. पालिका फक्त वेळेचे नियम करू शकते, आणि बहुतेक ठिकाणी माणशी तीन मिनिटं असतात.

सार्वमताच्या अर्जावर सही मात्र त्या गावात नोंदवलेल्या मतदारानेच करायची. व्हिसा किंवा ग्रीन कार्डवाल्याने उत्साहात सही करू नये, आणि ‘आधी मतदार नोंदणी करून टाकू’ असं कुणी म्हटलं तर तिथल्या तिथे थांबवावं. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवणं इमिग्रेशनच्या दृष्टीने अतिशय गंभीर आहे, पुढचा सगळा रस्ता बंद होऊ शकतो. मोहिमेच्या टेबलावर ही सूचना मोठ्या अक्षरात लावा. व्हिसावरच्यांना काम भरपूर आहे: पावत्या जमवणं, तक्ते करणं, पत्रकं वाटणं, गाड्या चालवणं. पैशांच्या बाबतीत, ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला कोणत्याही निवडणुकीतल्या उमेदवाराला देणगी देता येत नाही, गावच्या निवडणुकीतही नाही.

मंडळं आणि देवळं बहुधा करमुक्त धर्मादाय संस्था असतात. त्यांना एखाद्या ठरावाच्या बाजूने किंवा विरोधात मर्यादित प्रमाणात बोलता येतं, पण ‘अमुक ट्रस्टीला पाडा’ असं एक वाक्यही मंडळाच्या ईमेल यादीवरून जाता कामा नये. त्यासाठी वेगळा, खाजगी ग्रुप करा.

तीन मिनिटं

तीन मिनिटांत मराठी माणूस प्रस्तावना करतो आणि घंटा वाजते. पहिल्या दहा सेकंदांत नाव, गावात किती वर्षं आहात, आणि मागणी सांगून टाका. मग एकच मुद्दा आणि एकच आकडा. दहा वक्ते असतील तर आदल्या रात्री मुद्दे वाटून घ्या: एक पावतीवर, एक गंगाजळीवर, एक पँट्रीवर, एक शेजारच्या गावांच्या दरावर. दहाही जण महागाईवर बोलले तर बोर्डाच्या वहीत एकच मुद्दा जातो.

व्हिलेज बोर्डात बहुधा एक प्रेसिडेंट आणि सहा ट्रस्टी असतात. त्यांना सगळ्यांना एकाच ईमेलवर घेऊ नका. सात जणांच्या बोर्डात तीन जणांनी एकमेकांना उत्तरं देत चर्चा सुरू केली तर तीच कायद्याच्या नजरेत न जाहीर केलेली बैठक ठरू शकते. म्हणून जाणकार ट्रस्टी अशा ईमेलला उत्तरच देत नाहीत. प्रत्येकाला वेगळं लिहा, चार-पाच ओळी, स्वतःच्या शब्दांत. एकाच मजकुराची दोनशे ईमेल आली तर ती एकच धरली जातात.

सार्वमताचा अर्ज

ऑनलाइन याचिकेला कायद्याने काहीच किंमत नाही. वातावरण तापवायला ती ठीक. मतपत्रिकेवर सल्लागार प्रश्न आणायचा असेल तर मागच्या गव्हर्नर निवडणुकीत त्या गावात पडलेल्या मतांच्या 8 टक्के सह्या कागदावर लागतात. 20,000 मतं पडली असतील तर 1600. गोळा करा निदान 2300, कारण गळती ठरलेली आहे. सगळ्यात मोठी गळती पत्त्यांची. पोस्टाच्या पत्त्यात एका गावाचं नाव असतं आणि घर असतं शेजारच्या पालिकेत किंवा कुठल्याच पालिकेत नसलेल्या भागात. अशा सह्या बाद होतात. टेबलावर पालिकेच्या हद्दीचा नकाशा ठेवा आणि सही घेण्याआधी ‘पाण्याचं बिल कुणाकडून येतं?’ असं विचारा. पक्का पुरावा नाही, पण निम्मे घोटाळे तिथेच पकडले जातात.

सही गोळा करणारा 18 वर्षांवरचा नागरिक हवा, सह्या त्याच्या समोर झालेल्या हव्यात, आणि प्रत्येक पानाखालचं त्याचं शपथपत्र नोटरीसमोर सही केलेलं हवं. पानं एकाच मापाची, क्रमांक घातलेली, वरच्या बाजूने एकत्र बांधलेली. ‘कागद रिसेप्शनवर ठेवतो, येणारे सह्या करतील’ असं करून शेकडो सह्या फुकट जातात. अर्ज निवडणुकीच्या 92 दिवस आधी दाखल व्हावा लागतो. 3 नोव्हेंबर 2026च्या निवडणुकीसाठी ती तारीख 3 ऑगस्ट. त्यानंतर हरकती घ्यायला कामाचे 5 दिवस असतात.

एक खोच लक्षात ठेवा. एका निवडणुकीत एका गावासाठी असे तीनच प्रश्न मतपत्रिकेवर जाऊ शकतात. बोर्डाने स्वतःचे तीन प्रश्न आधी मंजूर केले की तुमच्याला जागा उरत नाही. म्हणून सह्या पुऱ्या झाल्या की शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. आणि मोहिमेचा खर्च 12 महिन्यांत 5000 डॉलरवर गेला तर राज्य निवडणूक मंडळाकडे समिती म्हणून नोंदणी करावी लागते. बॅनरची बिलं पहिल्या दिवसापासून एका वहीत लिहा.

एवढं करून निकाल बोर्डावर बंधनकारक नसतो. तरीही पुढच्या वर्षी ज्यांची निवडणूक आहे त्या ट्रस्टींना तो आकडा कुणी वाचून दाखवावा लागत नाही.

कर लागलाच तर

मतदान विरोधात जाणार असं दिसलं तर त्याच रात्री दुरुस्ती मागा: ठरावातच मुदत घाला. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहराने मंदीच्या काळात 1 एप्रिल 2010 पासून किराण्यावर 2 टक्के कर लावला होता, तो पाच वर्षांच्या मुदतीचा. लोकांचा दबाव राहिला, जानेवारी 2014 मध्ये तो निम्मा झाला आणि मार्च 2015 अखेर संपला. मुदत नसती तर दर वर्षी नव्याने बहुमत जमवावं लागलं असतं. इलिनॉयमध्ये मुदत मागताना ती 30 जून किंवा 31 डिसेंबरला संपेल अशी मागा, म्हणजे विभागाच्या दोन दरवाजांशी जुळते. त्याबरोबर दरवर्षी या कराचा हिशेब वेगळ्या ओळीत दाखवण्याची अटही घाला.

आणि कर रद्द झाला तर काम त्या रात्री संपत नाही. दुसऱ्या दिवशी क्लार्कला विचारा की प्रमाणित प्रत महसूल विभागाला कधी गेली, आणि पाठवल्याची तारीख लेखी घ्या. ही प्रत एक दिवस उशिरा पोहोचली तर कर आणखी सहा महिने राहतो. मग 1 जानेवारीला किंवा 1 जुलैला गावातल्या तीन वेगवेगळ्या दुकानांतून दुधाचा एकेक कॅन घ्या आणि पावती पाहा. मोठ्या साखळी दुकानांची यंत्रणा वरून बदलते. लहान दुकानात मालकाला दर स्वतः बदलावा लागतो आणि सणाच्या गडबडीत तो राहून जातो. जुना दर दिसला तर पावती घेऊन आधी मालकाकडेच जा. परतावा दुकानाकडूनच मिळतो, विभाग ग्राहकाला थेट देत नाही.